दोन कुलपांच्या पेटीपाशी

अमेरिकेहून आल्यापासून आमच्या धरमपेठेत जो भेटतो तो एकच विचारतो, धबधबा पाहिला का? नाही पाहिला. उंच इमारती पाहिल्या त्याही लांबून, गाडीच्या काचेतून. मी पाहिलं ते न्यू जर्सीतलं एक कुरण, आणि तिथे बंदुकीच्या दारूच्या पेटीपाशी काठी घेऊन पहारा दिला. एवढं सांगितलं की लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला चांगली ठाऊक आहे, कारण आयुष्यभर मी लोकांकडे तशीच बघत आले. तेव्हा तोंडी सांगत बसण्यापेक्षा लिहूनच काढते.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी शाळेत बाई होते, आणि शाळा सुटली की होमगार्ड. पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक, गणपती विसर्जन, निवडणुकीतली मतदान केंद्रं, कुठे कुठे म्हणून उभी राहिले नाही? पोरंबाळं पोटात कळ आल्यासारखा चेहरा करून गर्दीत घुसतात ती खिसा मारायलाच, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. संशय घ्यायला मला कोणी पगार देत नव्हतं, मी तो हौसेने घेत होते. निवृत्त झाले तरी हौस गेली नाही.

तिकडे गेले ती भावाला घेऊन यायला. अविनाश माझ्याहून चार वर्षांनी लहान. इंजिनिअर होऊन गेला, तिकडेच निवृत्त झाला. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको नंदा गेली. मूलबाळ नाही. मागच्या हिवाळ्यात तो बर्फावरून घसरून पडला, आणि मला ते कळलं उन्हाळ्यात, तेही बोलता बोलता. त्याच दिवशी माझं ठरलं. आमच्या घराची मागची खोली रंगवून घेतली, त्याच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला, आणि परतीची दोन तिकिटं काढली. एक माझं, एक त्याचं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "बघू" म्हणाला असता. लहानपणापासून त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून बघू म्हणतो.

पिस्कॅटवे

विमानतळावर गणवेशातल्या अधिकाऱ्याने माझी बॅग उघडायला लावली. लिंबाच्या गोड लोणच्याच्या दोन बरण्या निघाल्या. त्याने एक उचलली, उजेडात धरली, हलवली, झाकणापाशी नाक नेलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या मोठ्या देशात मला आवडलेला तो पहिला माणूस. बरण्या सुटल्या.

न्यायला अविनाश आला होता आणि गाडी चालवायला सायली. सायली पुण्याची, तिथल्या एका कंपनीत नोकरीला, अविनाशच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. "मावशी, फ्लाइटमध्ये झोप झाली का? काकांनी तर सकाळपासून तीनदा स्टेटस चेक केलं, यार," असं म्हणत तिने माझी बॅग उचलली. मला हे यार काही रुचलं नाही. शिवाय एकट्या म्हाताऱ्याच्या घरात तरुण भाडेकरू म्हटल्यावर मी कान टवकारलेच.

पिस्कॅटवेतलं त्याचं घर चांगलं. लाकडी, दोन मजली, मागे गवत. पण रस्त्यावर माणूस नाही. मी दुपारभर खिडकीशी बसले तर एक कुत्रं आणि त्याच्या दोरीला बांधल्यासारखी एक बाई, एवढंच दिसलं. आपल्याकडे एखाद्याची चौकशी करायची तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर उभं राहिलं की पुरतं. इथे चौकशी करायची कुणाकडे? किराणा दुकानात मात्र सगळे आपलेच. पातळ पोहे, जाड पोहे, भाजके पोहे, कुरडया, अगदी वडाभातासाठी लागणारी मटकीची डाळसुद्धा. इतकं सगळं मिळतंय म्हटल्यावर मला जरा वाईटच वाटलं. माझ्या बॅगेत निम्मं तेच होतं.

तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तर लोणच्याची एकच बरणी. मी मागेपुढे करून पाहिलं, भाज्यांचा कप्पा उपसला. नाही. अविनाशला विचारलं तर म्हणाला, "असेल इथेच कुठेतरी." मी मनात ठरवून टाकलं. पुण्याची मुलगी आणि गोड लोणचं. बोलले काही नाही, फक्त सायली जेवायला बसली की तिच्या ताटाकडे लक्ष ठेवलं.

बरणी शोधायला म्हणून मी गाडीच्या शेडमध्येही गेले. तिथे कपाटात निळा कोट, पितळी बटणांचा. खुंटीला तीन कोपऱ्यांची काळी टोपी. आणि कांबळ्यात गुंडाळलेली माझ्या खांद्याएवढी उंच बंदूक. त्या देशाच्या बातम्या आपण इथे बसून बघतो. कुणी शाळेत शिरतो, कुणी दुकानात. बायको गेल्यावर एकटं पडलेलं माणूस कुणाच्या नादी लागेल काही सांगता येत नाही.

"अगं ताई, ती आमची कंपनी," अविनाश म्हणाला.

"कसली कंपनी? तू तर रिटायर आहेस."

मग त्याने चहा ठेवला आणि सांगितलं. या देशाने राजाला हाकललं तेव्हाची गोष्ट. राजाची फौज लोकांच्या घरात घुसून राहायची, त्यांचंच धान्य खायची. राजा गेल्यावर या लोकांना स्वतःच्या फौजेचीही भीती वाटायला लागली. आज आपली म्हणून उभी केली आणि उद्या आपल्याच उरावर बसली तर? म्हणून त्यांनी कायमची फौज शक्य तितकी लहान ठेवली आणि गावोगावी स्वयंसेवकांच्या कंपन्या केल्या. शेतकरी, लोहार, चांभार, ज्याची त्याने घरची बंदूक आणायची, ठरल्या दिवशी गावच्या कुरणावर जमून कवायत करायची आणि संध्याकाळी घरी जायचं. कॅप्टन वरून कुणी नेमायचा नाही, कंपनीनेच निवडायचा, तोही वर्षापुरता. आता गावातली काही माणसं हौसेने ती जुनी कंपनी पुन्हा उभी करतात. तसेच कपडे, तसेच तंबू, तशीच निवडणूक. बंदुकीत गोळी नसते, नुसता बार.

"आणि दारू कुठे ठेवता?"

"पेटीत. पेटीला दोन कुलपं. दोन किल्ल्या दोघांकडे. कॅप्टनकडे एकही नाही."

"आणि ते दोघं एक झाले तर?"

"म्हणूनच ज्यांचं आपसांत पटत नाही अशा दोघांकडे देतात. एक माझ्याकडे आहे, एक वॉल्टरकडे."

खरं सांगते, त्या देशाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली. एखाद्या राष्ट्राने इतका संशय घ्यावा आणि तो नियम म्हणून लिहून ठेवावा, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. पण अविनाश त्यात काय करतोय, हे कोडं राहिलंच. मी विचारलं, "त्या काळी तुला घेतलं असतं का रे यांनी?"

"मला? नाव काढू नकोस. वॉल्टरच्या पूर्वजांपैकी काहींना घेतलं होतं. गुलाम होते ते. लढून झाल्यावर विसरले त्यांना." त्याने कपात बिस्किट बुडवलं. "म्हणून तर आम्ही दोघं एक कवायत चुकवत नाही."

मी संधी साधून तिकिटाचं काढलं. खोली रंगवली तेही सांगितलं, कमोडचंही सांगितलं. मला वाटलं आता बघू म्हणेल. पण या वेळी तो म्हणाला, "येत्या रविवारी निवडणूक आहे. कॅप्टनपदाला मी उभा आहे, समोर वॉल्टर. कॅप्टन झालो तर वर्षभर गाव सोडता येत नाही, तसा नियम आहे. निवडून आलो तर राहतो. पडलो तर तुझ्याबरोबर येतो, कायमचा."

"शब्द?"

"शब्द."

मी वॉल्टर नावाच्या माणसाला न बघताच विजयी भव म्हणून टाकलं.

कुरणावर

शनिवारी सकाळी सायलीने आम्हाला सोडलं. झाडांची पानं शेंदरी, पिवळी झाली होती. नदीकाठी मोठं कुरण, त्यावर पांढऱ्या कापडाचे तंबू, मधोमध लोखंडी भांडं टांगलेलं. वेशीवर मावळते कॅप्टन उभे होते. गुडघे गेल्यामुळे पद सोडत होते. नियम असा की आत आजच्या काळातलं काही दिसता कामा नये. सायलीला तिच्या जीन्ससकट दोरीबाहेरच थांबवलं. माझ्याकडे कॅप्टन वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "ही साडी आमच्या प्रजासत्ताकापेक्षा जुनी आहे. बाई आत येऊ शकतात. बूट मात्र काढावे लागतील." मी पिशवीतून चपला काढल्या. त्याही आजच्याच होत्या, पण कॅप्टननी तिकडे डोळेझाक केली. इथे पाणी मुरतं, मी मनात नोंद केली.

आत गेल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर अविनाशला बंदुकीच्या नळीत गज घालून दाखवायला लावला. मग शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला. गोळी कुठेच नव्हती. त्यांना याचा राग यावा अशी माझी अपेक्षा होती. उलट एक जण म्हणाला की दर वेळी हे असं कुणीतरी तपासायला पाहिजे.

वॉल्टर सहा फुटांच्या वर, सावळा म्हणण्यापेक्षा काळा, दाढी पांढरी स्वच्छ. आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. त्याने टोपी काढून मला मॅडम म्हटलं. अविनाशला त्याने फक्त टोपीला बोट लावलं, अविनाशने त्याला तसंच. एक शब्द नाही. तंबू नदीकडे तोंड करून ठोकायचे की झाडांकडे यावरून त्यांचं दोन वर्षांपूर्वी वाजलं होतं म्हणे, ते अजून चालू होतं. मला बरं वाटलं. किल्ल्या योग्य हातांत होत्या.

जेवायला शिजवलेले घेवड्याचे दाणे, मक्याची भाकरी. दाण्यांत काहीतरी चरबीचं असणार म्हणून मी भांड्यात नाक घातलं. आचाऱ्याने शपथ घेऊन सांगितलं, अविनाश असतो म्हणून दोन भांडी वेगळी लागतात, हे बिनमांसाचं आहे. मी विचारलं, पळी? पळी एकच होती. मी भाकरी तेवढी खाल्ली, वर आपली तिखटाची पुडी. आचाऱ्याने चिमूटभर मागितलं आणि मग बराच वेळ पाणी पीत बसला.

दुपारी मी पेटी पाहायला गेले. ओकची, लोखंडी पट्ट्यांची, खरंच दोन कुलपं. पहाऱ्याला एक लठ्ठसा गृहस्थ, खुर्चीत बसलेला, टोपी डोळ्यांवर आणि टोपीच्या आड मोबाइल. माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात रिकाम्या मतपेट्यांनासुद्धा असा पहारा दिला नाही. त्याला म्हटलं, उठा. तो म्हणाला पोटात दुखतंय. म्हटलं मग जा, झोपा, काठी द्या. बंदूक देत होता, ती मी घेतली नाही. काठी घेतली, टाचा जुळवल्या आणि उभी राहिले.

गुडघे कुरकुरले, पण पाठ आपोआप ताठ झाली. लोक येत होते, बघत होते. एका बाईने दोरीवरून वाकून माझा फोटो काढायचा प्रयत्न केला, तिला मी काठीनेच मागे सारलं. त्या जागेवरून सगळं कुरण दिसत होतं. अविनाश नव्या लोकांना बंदूक खांद्यावर घ्यायला शिकवत होता. पाहायला आलेल्यांपैकी कुणीतरी त्याला विचारलं, तू खरा कुठला? तो म्हणाला, "रस्त्यापलीकडचा," आणि कवायत पुढे चालू केली. आवाज असा खणखणीत की मला क्षणभर आमच्या वडिलांचा वाटला. फोनवर तो मला कधीच असा बोलला नव्हता. फोनवर नेहमी दम लागल्यासारखा बोलतो. मग मला प्रश्न पडला, यातलं खरं कुठलं आणि माझ्यासाठी केलेलं कुठलं?

पहारा संपला तेव्हा कॅप्टन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, कंपनीचा जुना नियम आहे. ज्याने या छावणीत पहारा दिला, त्याला उद्या मत."

अविनाश शेजारीच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कोटाचं बटण लावत राहिला.

रविवार

मताची पद्धत अविनाशने मला सकाळी समजावून सांगितली. दोन्ही उमेदवार कुरणाच्या मध्यावर जातात, एकमेकांपासून लांब, कंपनीकडे पाठ करून उभे राहतात. टोपी हातात. ढोल वाजला की ज्याला जो हवा त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं. बोलायचं नाही. कॅप्टन खांद्याला हात लावत मोजतात. मग सगळे परत आपल्या जागी येतात, तेव्हाच उमेदवारांनी वळायचं. आपल्यामागे कोण होतं आणि कोण नव्हतं हे त्यांना कधी कळता कामा नये. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. निवडून आलेल्याने सूड घेऊ नये आणि पडलेल्याने रुसू नये, म्हणून.

मी आपल्याकडची गुप्त मतदानाची पेटी किती वर्षं सांभाळली. पण उमेदवारालाच पाठमोरं करायचं, हे काही आपल्या डोक्यात आलं नाही.

ढोल वाजायला थोडा वेळ होता. मी भांड्यापाशी हात शेकत उभी होते, तर वॉल्टर आला. टोपी काढली. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, अविनाशने मला सांगितलंय. तो पडला तर तुमच्याबरोबर जाणार. तुम्हाला तो घरी हवाय. आता तुमच्याकडे मत आहे. माझ्यामागे उभ्या राहा, आणि घेऊन जा त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी मतदान केंद्राबाहेर चुन्याची रेघ मारलेली पाहिली, शंभर मीटरच्या आत कुणी मत मागायचं नाही. आमदाराच्या मेहुण्याला मी दंडाला धरून त्या रेघेबाहेर नेलं होतं, आणि तो तर नुसता हात जोडून हसत होता. हा माझ्या मनातलं ओळखून, त्याच्यावर बोट ठेवून मत मागत होता. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्याला म्हटलं, "आमच्याकडे असतात ना, तर मी तुम्हाला कॉलर धरून बाहेर काढलं असतं. व्हा बाजूला."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, "येस, मॅडम," म्हणाला आणि गेला. इतका मोठा माणूस, पण चेहऱ्यावर अपमान दिसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ढोल वाजला. ते दोघं कुरणाच्या मध्यावर पाठमोरे उभे. लोक निघाले. गवतावर पावलांचा आवाज येत नाही, नुसते कपडे सळसळत होते. मी थांबले. माझ्या डोळ्यांसमोर मागची खोली होती, फिकट निळा रंग लावलेली. तिच्या खिडकीशी मी रात्री दिवा लावून ठेवते, घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून. कुणाला वाटावं? चोराला म्हणते मी. माझी मुलगी बंगलोरला, नवरा गेला त्याला आठ वर्षं. अविनाशला एकटेपणा आहे असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते.

माझे पाय वॉल्टरच्या दिशेने निघाले होते. खोटं कशाला बोलू. निम्म्या वाटेत मात्र ते अडलेच. शंभर मीटरच्या आत ज्याने मत मागितलं त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं, हे काही माझ्याच्याने होईना. मग माझा भाऊ राहो की जावो. मी वळले आणि अविनाशच्या रांगेच्या अगदी पुढे, त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

निळ्या कोटाची पाठ माझ्या हातभर अंतरावर होती. शिवण हातची, बारीक, मधे मधे उलटी टीप. तो टाका मी कुठेही ओळखेन. माझ्या मुलीची झबली नंदानेच शिवली होती. म्हणजे हा कोट तिने शिवला होता, ती असताना तो इथे येत होता, आणि तिच्यानंतरही त्याने येणं सोडलं नव्हतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही कुठे होतं? खोलीचा रंगसुद्धा मी त्याला न विचारताच ठरवला होता. माझे डोळे भरून आले आणि मी पदर तोंडाशी नेला. बांगड्या वाजल्या.

"ताई?" तो न वळता, अगदी हळू म्हणाला. "तू इथे काय करून राहिलीस?"

"शू," मी म्हटलं. "रांगेत बोलायचं नसतं."

कॅप्टनचा हात माझ्या खांद्याला लागला आणि पुढे गेला. आम्ही सगळे परत आपल्या जागी आलो. मग ते दोघं वळले. कॅप्टननी निकाल सांगितला. अविनाश एका मताने निवडून आला होता.

लोकांनी बंदुकांचे बार काढले. कान बंद झाले. वॉल्टरने येऊन अविनाशचा हात हातात घेतला, रिवाजाप्रमाणे, आणि जरा जास्तच वेळ घेऊन ठेवला. मी ते पाहिलं आणि मनात नोंद केली.

नेवार्कचा विमानतळ

सायलीने अविनाशचं तिकीट कॅन्सल केलं. तिच्या ताटात मला शेवटपर्यंत लोणचं दिसलं नाही. निघायच्या दिवशी तिला ऑफिसात मीटिंग होती, म्हणून वॉल्टर आपली गाडी घेऊन आला. मी पुढे त्याच्या शेजारी, अविनाश मागे. पट्टा लावायला खाली वाकले, तर दोन सीटच्या मधल्या खळग्यात माझी बरणी. निम्म्याहून जास्त संपलेली, आत चमचा.

मी ती उचलली. वॉल्टर रस्त्याकडे बघत राहिला. अविनाश खिडकीबाहेरच्या ट्रककडे बघत राहिला, जणू ट्रक त्याने कधी पाहिला नव्हता.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पॅनकेकबरोबर छान लागतं, मॅडम," वॉल्टर म्हणाला.

"लोणच्याचं नाही विचारत. तुमच्या दोघांचं विचारतेय. तुमचं तर पटत नाही ना?"

मग वॉल्टर म्हणाला, "पटतं हे कळलं तर कंपनी आमच्या किल्ल्या काढून घेईल. दर गुरुवारी सकाळी मी याच्याकडे येतो. नंदा होती तेव्हापासून." त्याने नंदा हे नाव अगदी नीट, आपल्यासारखं उच्चारलं. हिवाळ्यात अविनाश पडला तेव्हा दवाखान्यात त्यानेच नेलं होतं, हेही तेव्हाच कळलं.

विमानतळावर वॉल्टर गाडीत थांबला, अविनाश माझी बॅग घेऊन आत आला. तपासणीच्या दोरीपाशी मी त्याला धरलंच.

"त्या दिवशी वॉल्टरला माझ्याकडे तूच पाठवलंस?"

त्याने बॅगेची चेन उगाच उघडून परत लावली.

"अवी."

"तुझ्यापाशी कुणी मत मागितलं की तू काय करशील हे मला माहीत होतं ताई," तो म्हणाला. "आमदाराच्या मेहुण्याची गोष्ट तू मला किती वेळा सांगितली आहेस."

मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या बाईला तिच्याच भावाने, तिच्याच गुणावर, फसवलं होतं. "सरळ सांगता येत नव्हतं? मला यायचं नाही, असं?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

खोटं बोलायला वेळही नव्हता आणि इच्छाही नव्हती. "नसतं," मी म्हटलं.

"आणि मला तरी ते तुझ्या तोंडावर म्हणता आलं असतं का?" तो म्हणाला. "तू खोली रंगवलीस गं."

मी त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. साधाच कोट होता, दुकानातला. म्हटलं, गुडघ्यांना तेल लाव, बर्फात एकटा बाहेर पडू नकोस, आणि त्या आचाऱ्याला दुसरी पळी घ्यायला सांग. तो हो म्हणाला. बघू म्हणाला नाही. मग मी दोरीच्या आत शिरले.

तिथली रांग नागमोडी असते. पुढे जाता जाता परत परत मागचं दिसतं. दोरीपलीकडे सगळ्यांची माणसं उभी होती, हात हलवत, फोन वर धरत, टाचा उंचावून. त्यांच्यात मी अविनाशला शोधलं. तो त्याच जागी उभा होता, ताठ, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. माझ्याकडे पाठ करून. शेजारची माणसं त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होती, पण तो वळला नाही.

मी रांगेतून निघून त्याच्याकडे परत गेले असते, तरी त्याला दिसलं नसतं. कुरणावरच्या उमेदवारासारखं त्याने, न बघता, मला माझं ठरवू दिलं होतं. मी चपला काढून पट्ट्यावरच्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि पुढे गेले.